हृदयाच्या ऑपरेशननंतर लेकीला मास्क लावायचा का? (कार्डावर 'मास्क एस.ओ.एस.' लिहिलंय)

चिंचगूळ | सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आज वेगळंच घेऊन आलेय.

माझी लेक चार वर्षं आठ महिन्यांची आहे. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं, व्हीएसडी म्हणतात ते. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप लावला, परत लावला आणि म्हणाल्या, "ताई, हिचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या." तिथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे कागद, शिफारस, आणि शेवटी पुण्यात ऑपरेशन. पैसे भरावे लागले नाहीत, ऑपरेशन नीट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. आज सोळावा दिवस. छातीवर मधोमध जी उभी खूण आहे तिला ती "माझी चेन" म्हणते.

घरी सोडताना कार्ड दिलं. औषधं छापील, आणि खाली पेनाने घाईघाईत दोन ओळी: 'गर्दी टाळा. मास्क एस.ओ.एस.' विचारायला गेले तर लिहिणारे डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात. नवरा म्हणाला, एस.ओ.एस. म्हणजे जहाज बुडताना पाठवतात तो संदेश, म्हणजे अतिमहत्त्वाचं असणार. सासूबाई म्हणाल्या, "लिहिलंय ना डॉक्टरांनी? मग चोवीस तास." झालं. दुकानातून गुलाबी अस्वलाचा मास्क आला आणि तिला लावूनच साताऱ्याकडे घरी यायला गाडीत बसवलं.

शिरवळच्या पुढे ती झोपली. खंबाटकी घाटाच्या वळणांवर मला वाटलं खोकतेय. मी पुढच्या सीटवर होते, वळून पाठीवर हात फिरवला. दीरांच्या बायकोने बघितलं म्हणून, नाहीतर... उलटी झाली होती, सगळी मास्कच्या आत. दहीभात हनुवटीपाशी साचलेला, नाकाशी आलेला. पोरगी हाताने ओढतेय पण तिला हात वर करायला दुखतं, आणि एका बाजूचा दोरा कानातल्या डुलात अडकलेला. दोरा तोडून काढला. सगळं मिळून दहा सेकंदं असतील. तेवढी दहा सेकंदं मला रोज रात्री दिसतात.

त्या दिवसापासून मी मास्क लावलेला नाही. सासूबाई म्हणतात जंतूसंसर्ग झाला तर कोण जबाबदार. पोरीला तर मास्क दिसला तरी घाम फुटतो, कारण ऑपरेशनच्या खोलीत "फुग्याचा मास्क" लावला होता आणि मग आई गायब झाली. पुढच्या आठवड्यात तपासणीला परत पुण्याला जायचंय. लावू का नको?

खडीसाखर | सोमवार, रात्री ११:४०

आधी तुला एक घट्ट मिठी. गाडीतलं वाचून पोटात गोळा आला.

पण मी मास्कच्या बाजूची आहे हे सांगून टाकते. माझ्या मुलाला सातव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी इतक्या खाली जायच्या की डॉक्टर स्वतःच सांगायचे, वॉर्डाबाहेर पाऊल टाकताना मास्क. आम्ही दोन वर्षं पाळलं. लोक हसायचे, "कोरोना गेला की हो आता!" गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला, महाराष्ट्रातली मास्कसक्ती उठली त्या दिवशी सगळे मास्क कचऱ्यात टाकत होते आणि मी दुकानातून नवा डबा आणत होते. त्यामुळे 'मुलांना मास्क नकोच' असं कुणी सरसकट म्हणालं की मला राग येतो.

डोंगरवाट | मंगळवार, सकाळी ६:५५

मास्क अजिबात लावू नका. आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड आपण परत आत घेतो. मोठ्यांचं डोकं दुखतं, मग या पोरीचं तर नुकतंच हृदय शिवलंय. निसर्गाने नाक उघडं दिलंय ते काय उगाच?

सुपारीफोड | मंगळवार, सकाळी ८:२०

निसर्गाने हृदयात छिद्रही दिलं होतं, दादा. ते बुजवलंच ना?

बाकी एस.ओ.एस.बद्दल: आमच्या बाबांच्या चिठ्ठीवर पॅरासिटामॉलपुढे हेच लिहिलेलं असायचं. आई बिचारी महिनाभर रोज तीन वेळा देत होती. त्याचा अर्थ 'लागलं तर'. जहाज वगैरे काही नाही.

गुंगीवाले_काका | मंगळवार, सकाळी ९:०५

सुपारीफोड बरोबर. लॅटिन 'सि ओपस सिट', गरज पडल्यास. आम्ही डॉक्टर लोक ही तीन अक्षरं सवयीने खरडतो आणि घरी काय रामायण होतं ते आम्हाला कळत नाही. गोळीपुढे ठीक आहे, दुखलं तर घ्या. मास्कपुढे 'गरज पडल्यास' लिहिलं तर गरज कुणी ठरवायची? त्या माउलीने?

मी भूलतज्ज्ञ, निम्मं आयुष्य लहान मुलांच्या भुलीत गेलं. म्हणजे तो "फुग्याचा मास्क" लावणारा खलनायक मीच. आत स्ट्रॉबेरीचा वास लावतो, फुगा फुगव म्हणतो, मुलं दोन-चार श्वासांत ओळखतात की इथे काहीतरी लबाडी आहे. तुमची लेक मास्कला घाबरते यात नवल नाही. जबरदस्ती करू नका, रडणारं मूल मास्कमध्ये बसवण्याइतकं निरर्थक काम दुसरं नाही. मास्क ओला होतो, ओलं कापड नाकाला चिकटतं, श्वास ओढायला जोर लागतो.

वयाचं आधी सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं की पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची सक्ती नको. आपल्या केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आणि परत जानेवारी २०२२ मध्ये तेच म्हटलं: पाच वर्षांपर्यंत मास्कची शिफारस नाही, सहा ते अकरा वयात मुलाला नीट वापरता येत असेल तर आईवडिलांच्या देखरेखीखाली, बारापासून पुढे मोठ्यांसारखा. हे ऐन कोविडच्या लाटांमधलं आहे, लक्षात घ्या.

डोंगरवाट, कार्बन डायऑक्साइडचं म्हणाल तर त्याचा रेणू कापडाच्या जाळीपुढे मुंगीएवढाही नाही. गावाच्या वेशीतून मुंगी जावी तसा तो जातो. प्राणवायूही तसाच येतो. पाच वर्षांचा नियम त्यासाठी केलेला नाही. प्रश्न हा आहे की या वयाचं मूल मास्क स्वतःहून, वेळेवर, कुणाला न विचारता काढू शकतं का. आणि छाती उघडून शिवलेलं मूल तर हात डोक्यापर्यंत न्यायलाच कुरकुरतं. खंबाटकीत जे झालं ते नेमकं हेच. उलटीच्या वेळी तोंड मोकळं नसलं की ती श्वासनलिकेत जाऊ शकते. याच एका भीतीपायी आम्ही ऑपरेशनच्या आधी मुलांना उपाशी ठेवतो.

दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. आयसीयूत मुलाला सतरा वायरी असतात. घरी एकच मॉनिटर, चेहरा. ओठांचा रंग, नाकपुड्या फुलतायत का, दूध पिताना दमतेय का. त्याच्यावर गुलाबी अस्वल बसवलं की आईचा मॉनिटर बंद.

अटलांटाची_मावशी | मंगळवार, सकाळी १०:४८ (इकडे रात्र आहे)

काका, एक शंका. आमच्याकडे इथे कोविडात दोन वर्षांपुढच्या सगळ्या मुलांना मास्क लावा म्हणत होते, माझी नात अडीच वर्षांची असताना पाळणाघरात दिवसभर लावायची. मग पाच की दोन?

आणि हिच्यासाठी लहान मापाचा एन९५ पाठवू का? इथे मिळतात.

गुंगीवाले_काका | मंगळवार, दुपारी १:३०

मावशी, दोन्ही खरं. तिथली बालरोग संघटना दोन वर्षांची रेघ ओढते, आपल्या सरकारने पाचची ओढली. दोन वर्षांखाली मात्र कुठेच नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. फरक पडतो तो पाळणाघरात डोळ्यांत तेल घालून बसलेली बाई आहे की नाही याने. आणि तुमची नात धडधाकट होती, छातीचं हाड तारांनी बांधलेली नव्हती.

एन९५ नको. त्या शिक्क्याची मान्यता देणारी तुमच्याकडची नायॉश ही संस्था ती कामगारांच्या मास्कना देते, लहान मुलांच्या मापाला देत नाही. तो चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसला तरच एन९५, आणि घट्ट बसला की ताज्या ऑपरेशनच्या मुलाला श्वास ओढणं जड. सैल बसला तर महागडं फडकं. बाजारातला झडपवाला तर मुळीच नको, त्यातून आतली हवा न गाळता बाहेर येते. आपल्या सरकारने जुलै २०२० मध्येच झडपवाल्यांबद्दल बजावलं होतं.

ओली_भेळ | मंगळवार, दुपारी ३:१५

माझा अनुभव वेगळ्या ऑपरेशनचा, पण चेहरा दिसण्यावरून आठवलं. मुलाचे टॉन्सिल काढले, वय सहा. सातव्या रात्री तो झोपेत सारखा आवंढा गिळत होता. गटक, गटक. मला वाटलं तहान लागली असेल. दिवा लावून बघितलं तर ओठांच्या कडेला लाल. रक्त गिळत होता पोरगा. पहाटे दवाखान्यात पळालो, थांबलं. तेव्हा घरात भावाला सर्दी म्हणून मी त्याला रात्रीसुद्धा मास्क लावून झोपवायचा विचार करत होते! लावला असता तर मला सकाळीच कळलं असतं.

गुंगीवाले_काका | मंगळवार, दुपारी ३:५०

ओली_भेळताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक टॉन्सिलवाल्या घराने वाचावं. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते तेव्हा हे होतं आणि सारखा आवंढा गिळणं ही त्याची पहिली खूण. झोपेत मास्क कुठल्याच मुलाला नाही, ऑपरेशन असो नसो.

चिंचगूळ | मंगळवार, रात्री १०:०२

सगळ्यांचे किती आभार मानू. अहोंना काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. जहाजावर ते गप्प आहेत सध्या.

पण खरी पंचाईत सांगते. घरी बघायला येणाऱ्यांची रांग लागलीय. सगळे प्रेमाने येतात, कुणी शहाळं, कुणी सफरचंदं, एकांनी तर गावचा पेढा आणला. काल एक काकू आल्या, पदराने नाक पुसत पुसत तिचा मुका घेतला. मी हं की चूं करू शकले नाही, नवऱ्याच्या थोरल्या आत्या त्या. आणि मग सासूबाई म्हणतात, "म्हणूनच तिला मास्क लाव म्हणते." त्यांचंही चूक नाही.

गुंगीवाले_काका | मंगळवार, रात्री १०:३०

आता मुद्द्यावर आलात. मास्क पोरीला नाही, आत्याबाईंना लावा.

गंमत नाही करत. मास्क सगळ्यात चांगलं काम करतो तो शिंकणाऱ्याच्या तोंडावर. थेंब उडण्याआधीच अडतात. पोरीच्या तोंडावरचा ढगळ मास्क गालांपाशी उघडा, त्यातून आत यायचं ते येतंच. हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत साधी सर्दीसुद्धा छातीत उतरली की लांबते, तेव्हा सासूबाईंची काळजी शंभर टक्के योग्य, फक्त मास्क चुकीच्या चेहऱ्यावर. घरात कुणाला खोकला असेल तर त्याने वेगळ्या खोलीत झोपावं आणि पोरीच्या जवळ येताना तीन पदरी सर्जिकल मास्क लावावा. मधल्या पदरात विजेचा स्थिर भार असतो, तोच बारीक कण पकडतो. धुतला किंवा सॅनिटायझर मारला की तो भार जातो, म्हणून धुऊन दोरीवर वाळत घातलेले सर्जिकल मास्क बघितले की मी डोळे मिटतो.

आणि मास्कचा जखमेशी संबंध नाही, हे सासूबाईंना समजावून सांगा. जखमेत जंतू जातात ते हातांनी. मुका घेणाऱ्याने आधी साबणाने हात धुतले का, हे विचारा.

बाराखडी | बुधवार, सकाळी ७:४०

मी निवृत्त सिस्टर. मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात अकरा वर्षं होते. काकांनी मास्कचं सांगितलं, मी बाकीचं सांगते, कारण वाचताना मला राहवलं नाही.

चिंचगूळ, तिला उचलताना काखेत हात घालून कधीच उचलू नकोस गं. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. एक हात पाठीखाली, एक ढुंगणाखाली, पराती उचलतात तशी. आत्याबाई, आजोबा, सगळ्यांना करून दाखव, कारण घरात हौसेने उचलणारेच घात करतात. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायला शिकव. आमच्या वॉर्डात तिला आम्ही 'हसायची उशी' म्हणायचो, कारण हसतानाही दुखतं. तुझ्या मुलीला डुलं आहेत म्हणालीस, ती सध्या काढून ठेव.

छिद्रावर ठिगळ लावलं असेल तर पहिले सहा महिने दात किडू देऊ नकोस आणि दाताचं काही काम करायचं झालं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचार. आणि ऑपरेशनमध्ये रक्त दिलं असणारच, म्हणून गोवर-रुबेलासारख्या लसी केव्हा द्यायच्या तेही विचारून घे, काही महिने पुढे ढकलतात. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतली तर उत्तम.

एक विचारते, गाडीनंतर परत उलटी झाली का?

चिंचगूळ | बुधवार, सकाळी ९:१५

नाही सिस्टर, त्यानंतर नाही. का हो?

बाराखडी | बुधवार, सकाळी ९:३०

घाटात उलटी होणारच, घाबरू नकोस. पण ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत कधीकधी हृदयाभोवती पाणी जमतं. मुलं सांगत नाहीत. थोडा ताप, खायला नको, मलूल पडून राहणं, मळमळ. घरचे म्हणतात पोट बिघडलं. तेव्हा ताप, उलट्या, धाप, लघवी कमी होणं, चेहरा सुजणं, जखमेतून पाणी किंवा खोकताना छातीच्या हाडातून कटकट, यातलं काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नकोस, फोन कर, आणि धाप किंवा ओठ निळसर दिसले तर फोनही नको, सरळ दवाखाना.

डोंगरवाट | बुधवार, दुपारी १२:१०

कार्बन डायऑक्साइडचं मागे घेतो, काका. मुंगीचं पटलं.

पण आमच्या भागात आता साखर कारखाने सुरू झालेत, ऊसतोडणी झाली की पाचट पेटवतात. संध्याकाळी अंगणात काळी राख उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. साताऱ्याकडेही हेच असणार. त्या धुरासाठी तरी पोरीला मास्क हवा ना?

गुंगीवाले_काका | बुधवार, दुपारी २:००

प्रश्न चोख आहे. राख अडेल, धूर नाही. धुराचे कण इतके बारीक की सैल मास्कच्या कडांनी सरळ आत. पाचट पेटली की खिडक्या लावा, पोरीला आतल्या खोलीत न्या, घरात उदबत्ती आणि मच्छरची कॉइल बंद. धुराच्या संध्याकाळी अंगणात खेळणं नाही. याला पर्याय मास्क नव्हे.

खडीसाखर | बुधवार, दुपारी ४:२५

काका, मी पहिल्या प्रतिसादात तावातावाने लिहिलं होतं. पण केमोवाल्या मुलांचं वेगळं, हे तुम्हीही मान्य कराल ना? नाहीतर कुणी हा धागा वाचून आपल्या मुलाचा मास्क काढून टाकायचं.

गुंगीवाले_काका | बुधवार, दुपारी ४:४०

मान्य, आणि ठळक करून मान्य. केमो, प्रत्यारोपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेली मुलं, यांना त्यांच्या डॉक्टरांनी मास्क सांगितला असेल तर तोच शब्द शेवटचा. तुमचा मुलगा सात वर्षांचा होता, मास्क स्वतः काढू शकत होता, आणि तुम्ही शेजारी होतात. या ताईंची लेक वेगळी, ऑपरेशन वेगळं. मी तिला तपासलेलं नाही, म्हणून तिच्या डॉक्टरांना फोन करून त्या एस.ओ.एस.चा अर्थ विचारणं हेच खरं काम. ते अजून कुणी केलेलं दिसत नाही.

सुपारीफोड | बुधवार, दुपारी ४:४२

इतकं सोपं असतं तर हा धागा कसा निघाला असता, काका.

चिंचगूळ | शुक्रवार, रात्री ९:५०

फोन केला. तिसऱ्या दिवशी लागला. कार्डाचा फोटो पाठवला. पलीकडच्या डॉक्टरबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे कुणी लिहिलंय?" मला कसं माहीत असणार!

त्यांचं म्हणणं असं: तपासणीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात खोकणारी मुलं खचाखच असतात, तिथे मांडीवर बसलेली, जागी असेल आणि ती स्वतः लावून घेत असेल तर तेवढ्यापुरता. नको म्हणाली तर नाही. गाडीत नाही, घरी नाही, झोपेत कधीच नाही. त्यांनी आम्हाला सकाळची पहिली वेळ दिली, गर्दी व्हायच्या आत. हे आधीच का सांगितलं नाही, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, गिळलं. उलटीचंही सांगितलं, त्यांनी ताप, खाणं, लघवी सगळं विचारून घेतलं आणि येताना इको करू म्हणाल्या.

घरी दारावर सासूबाईंनीच पाटी लावलीय, त्यांच्या वळणदार अक्षरात: 'सर्दी-खोकला असल्यास फोनवर चौकशी करावी. आत येताना हात धुवावेत. बाळाला उचलू नये.' खाली स्टुलावर साबण आणि मास्कचा डबा. आत्याबाई काल परत आल्या, पाटी वाचली, बाहेरूनच "बरी आहे ना गं?" विचारून शहाळी ठेवून गेल्या. रागावल्यात का ते दिवाळीच्या फराळाला कळेल.

अटलांटाची_मावशी | शनिवार, सकाळी ७:३०

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि तिने तिथे मास्क लावून घ्यावा यासाठी काही करतेयस का, की सोडून दिलंस?

चिंचगूळ | शनिवार, सकाळी ८:१०

मागे लागत नाहीये. परवा बघितलं तर तिनेच अस्वलाच्या मास्कचा तुटका दोरा गाठ मारून बाहुलीला लावला होता. बाहुलीला म्हणत होती, "फुगा फुगव, आई इथेच आहे." लगेच काढला आणि उलटी बघायला म्हणून बाहुलीचं तोंड पुसलं. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा उभी राहिले.

मंगळवारी जायचंय. या वेळी मी मागे तिच्या शेजारी बसणार, उशी, दोन फडकी आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. दहीभात घरी पोचल्यावरच.